समुद्री शेवाळाची शेती : बियाणं, वाळवण आणि मग उत्पादन

प्रश्न असा आहे: समुद्री शेवाळाची शेती समुद्राला इजा न करता, वर्षानुवर्षं चालेल अशी कशी उभी करायची? आणि वाळवलेला माल पोत्यांत भरून विकण्यापुढे जाऊन त्यातून चांगली किंमत देणारी उत्पादनं कशी काढायची?

हे दोन्ही प्रश्न बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांना विचारले जातात. पहिला मत्स्यतज्ज्ञाला, दुसरा रसायनतज्ज्ञाला. मी लागवड आणि प्रक्रिया या दोन्ही बाजूंनी काम केलं आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे. शेती किती टिकेल आणि माल कुठल्या दर्जाचा ठरेल, हे मुख्यतः दोन टप्प्यांवर ठरतं: बियाणं, आणि काढणीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस. या दोन्हींकडे सगळ्यात कमी लक्ष आणि सगळ्यात कमी पैसा जातो. म्हणून या उत्तरात मी त्यांच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी एक निर्णय घ्यावा लागतो. जागा मिळाली, दोर टाकले, शेवाळ वाढलं आणि मग "याचं काय करता येईल?" असा शोध सुरू झाला, हा क्रम उलटा आहे. उत्पादन आधी ठरवा, कारण प्रजाती त्यावर ठरते. कॅराजिनन, अगार आणि अल्जिनेट ही शेवाळातून निघणारी, पदार्थाला घट्टपणा किंवा दाटपणा देणारी जेलद्रव्यं. कॅराजिनन हवं असेल तर कप्पाफायकस किंवा युक्युमा. अगार हवं असेल तर ग्रासिलेरिया किंवा जेलिडियम. अल्जिनेट हवं असेल तर थंड पाण्यातली तपकिरी केल्प. पहिल्या चारही लाल शेवाळाच्या गटातल्या आहेत, पण कॅराजिननवाल्या आणि अगारवाल्या प्रजातींच्या पेशीभित्तिकेतली साखर वेगळी आहे. एकीकडून दुसरीचं उत्पादन निघत नाही. पाणी उष्ण असेल तर केल्पचा विचारच सोडून द्यावा लागतो. केल्पची शेती शरद ऋतूत लावून वसंतात काढायची असते आणि पाणी तापलं की तिची पाती किडून गळू लागतात.

या व्यवसायाचा आवाका लक्षात यावा म्हणून दोन आकडे देतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार १९६९ मध्ये जगात सुमारे २२ लाख टन ओलं समुद्री शेवाळ निघत होतं. त्यातलं निम्मं नैसर्गिक किनाऱ्यांवरून गोळा केलेलं होतं. २०१९ मध्ये हा आकडा ३ कोटी ५८ लाख टनांवर गेला आणि त्यातला ९७ टक्के माल लागवडीतून आला. बहुतेक सगळा आशियातून, त्यातही निम्म्याहून जास्त चीनमधून आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त इंडोनेशियातून. एवढी वाढ नुसते दोर वाढवून झालेली नाही. ज्या-ज्या प्रजातीची शेती मोठी झाली, तिथे आधी कोणीतरी बियाण्याचा प्रश्न सोडवला होता.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण नोरीचं, म्हणजे जपानी जेवणात भात गुंडाळायला वापरतात त्या शेवाळाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नोरीचं पीक कोसळलं होतं. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उथळ पाण्यात काठ्या आणि जाळी लावत होते, बीजाणू आपोआप येऊन चिकटत होते, पण ते उन्हाळ्यात कुठे असतात हे कोणालाच माहीत नव्हतं. ते यायचे थांबले, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या शेवाळतज्ज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की शिंपल्यांच्या कवचात राहणारा 'काँकोसेलिस' नावाचा गुलाबी तंतू ही वेगळी प्रजाती नसून पॉर्फायरा या नोरीच्या शेवाळाच्याच जीवनचक्रातली एक अवस्था आहे. हे कळल्यावर जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर ही अवस्था टाक्यांत वाढवली आणि जाळ्यांवर बीजाणू हवे तेव्हा बसवण्याची पद्धत उभी केली. ड्र्यू-बेकर कधी जपानला गेल्या नाहीत. कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे १९६३ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांचं स्मरण केलं जातं. चीनमध्ये केल्पच्या बाबतीत तेच झालं. १९५०च्या दशकात त्सेंग चेंग-कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळ्यात थंड पाण्याच्या टाक्यांत रोपं वाढवण्याचं तंत्र बसवलं आणि मगच ती शेती दक्षिणेकडच्या उबदार किनाऱ्यांपर्यंत उतरली.

उष्ण पाण्यातल्या कप्पाफायकसची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथेच आजची अडचण आहे. हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यापासून फिलिपिन्समध्ये याच्या लागवडीचे प्रयोग केले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती व्यापारी प्रमाणावर पोचली. पद्धत इतकी सोपी की तिला बीजाणू, टाक्या, प्रयोगशाळा काही लागत नाही. निरोगी फांदी तोडायची, साधारण १०० ग्रॅमचा तुकडा दोराला बांधायचा, सहा-सात आठवड्यांनी काढायचा, त्यातलाच तुकडा पुन्हा लावायचा. या सोपेपणामुळे ही शेती गरिबातल्या गरीब किनाऱ्यावरही पोचली. पण वर्षानुवर्षं असं करत राहिलं की सगळं शेत एकाच फांदीच्या प्रती बनतं. जगभर लावलं जाणारं बरंचसं कप्पाफायकस मोजक्याच मूळ वाणांतून आलेलं आहे. एक फांदी ज्या रोगाला बळी पडते, त्याला सगळंच शेत बळी पडतं.

तो रोग म्हणजे 'आइस-आइस'. निरोगी कप्पाफायकस हातात घेतलं की गार, गुळगुळीत आणि कडक लागतं, वाकवलं की कट्‌कन मोडतं. आइस-आइसची सुरुवात टोकाला न होता बहुतेक वेळा फांदीच्या मध्यावर होते. आधी रंग फिका पडतो, मग तिथे एक पांढरा, अर्धपारदर्शक, मऊ पट्टा दिसू लागतो, बर्फासारखा, म्हणून हे नाव. दोन दिवसांत तो पट्टा झिजतो आणि त्याच्यापुढची सगळी निरोगी फांदी लाटेबरोबर गळून जाते. जीवाणू त्यात सापडतात, पण सुरुवात बहुधा ताणातून होते: पाणी जास्त तापणं, पावसामुळे क्षारता उतरणं, प्रवाह मंदावणं. त्यातच वर केसांसारखी बारीक लाल शेवाळं रुजली की ती सालीला भोकं पाडतात आणि जीवाणूंना वाट मिळते. टांझानियातल्या झांझिबारमध्ये पाणी तापत गेलं तसं जास्त किमतीचं कप्पाफायकस उथळ पाण्यात टिकेना आणि शेती मुख्यतः कमी किमतीच्या युक्युमावर येऊन थांबली. तिथल्या शेतकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. संशोधक डॉ. फ्लॉवर म्सुया यांनी त्यांच्याबरोबर खोल पाण्यात नळीसारख्या जाळ्यांतून लागवडीचे प्रयोग केले आणि शेवाळाची भुकटी घालून साबणासारखी उत्पादनं गावातच बनवण्याचं काम उभं केलं. उत्तर शोधायचं असेल तर या कामाचा अभ्यास जरूर करा.

म्हणून माझा पहिला सल्ला: शेताचा एक भाग फक्त बियाण्यासाठी ठेवा. तो विकायचा नाही, कितीही मागणी आली तरी. जिथे प्रवाह चांगला आणि पाणी थोडं खोल, ती सगळ्यात चांगली जागा त्याला द्या. दर फेरीला सगळ्यात जोमदार, टोकाकडच्या कोवळ्या फांद्याच बियाण्यासाठी निवडा. घाईत काढणी झाली की उरलेल्या खोडक्याच पुन्हा लावल्या जातात, आणि इथूनच वाण बिघडत जातो. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळे वाण एकाच वेळी सांभाळा आणि त्यांची सरमिसळ करू नका. बाहेरून बियाणं आणायचं असेल तर ते आधी वेगळ्या टाकीत ठेवून तपासा. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने या उद्योगावर एक धोरणपत्रिका काढली होती. जैवसुरक्षा, बियाणं आणि रोगांची नोंद याबद्दल तिच्यात सांगितलेलं आजही तितकंच लागू आहे.

आता थोडा हिशेब, कारण त्याशिवाय बियाण्याचं महत्त्व पटत नाही. १०० ग्रॅमचा तुकडा रोज ३ टक्के वाढला तर ४५ दिवसांत साधारण ३८० ग्रॅम होतो. ४ टक्के वाढला तर ५८५ च्या आसपास. ५ टक्के वाढला तर जवळजवळ ९०० ग्रॅम. त्यातले १०० ग्रॅम पुढच्या लावणीला ठेवायचे. म्हणजे ३ टक्के वाढ मिळणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती २८० ग्रॅम, ५ टक्केवाल्याच्या हाती ८००. दोर तेवढेच, मजुरी तेवढीच, होडीचं तेल तेवढंच. रोजच्या वाढीतल्या दोन टक्क्यांनी हाती येणारा माल जवळजवळ तिप्पट होतो.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रोज ४ टक्के वाढणारा तुकडा ३० दिवसांनी ३२५ ग्रॅमच असतो. पहिल्या तीस दिवसांत २२५ ग्रॅम वाढ, शेवटच्या पंधरा दिवसांत २६०. पैशाची गरज म्हणून महिन्याभरात काढलं की निम्म्याहून जास्त वाढ पाण्यातच सोडून दिल्यासारखं होतं. शिवाय कोवळ्या शेवाळातलं कॅराजिनन जेल नीट बांधत नाही, त्यामुळे दरही कमी मिळतो. लवकर काढणी ही बहुतेक वेळा उधारीमुळे होते. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि तो मागतो तेव्हा माल द्यावा लागतो. संस्थेकडून किंवा बँकेकडून ४५ दिवसांचं खेळतं भांडवल मिळवून देणं हा शेवाळाचा दर्जा सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, असं मी जबाबदारीने सांगतो.

जागेबद्दल मोजकंच सांगतो. पाणी वाहतं हवं, पण दोर तोडणारं नको. नदीचं मुख दूर हवं. ओहोटीला शेवाळ उघडं पडता कामा नये. वर्षभराचं तापमान आणि क्षारता मोजलेली हवी, फक्त चांगल्या ऋतूतली नव्हे. तळाशी प्रवाळ किंवा समुद्री गवत असेल तर तिथे शेत करू नका. शेवाळाच्या सावलीत गवत विरळ होतं, खुंट ठोकताना आणि चालताना तुडवलं जातं, आणि त्या गवतावर जगणारे मासे-खेकडे जातात. 'समुद्रात खत लागत नाही, जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही' हे खरं आहे, पण म्हणून ही शेती आपोआप निरुपद्रवी ठरत नाही.

ती कशी बिघडते याचं सगळ्यात ठळक उदाहरण पीत समुद्रातलं. २००८ मध्ये ऑलिम्पिकच्या नौकास्पर्धा जिथे व्हायच्या होत्या, त्या चीनमधल्या छिंगदाओच्या किनाऱ्यावर हिरव्या अल्वा शेवाळाची प्रचंड लाट आली. हजारो माणसं आणि नौका लावून लाखो टन शेवाळ हटवावं लागलं. संशोधनात माग दक्षिणेकडच्या जिआंग्सूच्या नोरी-शेतांपर्यंत गेला. नोरीच्या तराफ्यांवर अल्वा उगवत होतं, हंगाम संपल्यावर ते खरवडून तिथल्या तिथे पाण्यात टाकलं जात होतं, आणि पोषणद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात ते तरंगत, वाढत उत्तरेकडे गेलं. शेतीतला अगदी साधा, सवयीचा टप्पा होता तो: दोर साफ करणं. म्हणून माझ्या मते दोर-जाळीची सफाई किनाऱ्यावरच झाली पाहिजे. खरवडलेलं सगळं शेवाळ कंपोस्टात गेलं पाहिजे.

दुसरा धोका परक्या प्रजातींचा. हवाईच्या कानेओहे उपसागरात लागवडीसाठी आणलेलं कप्पाफायकस शेताबाहेर पसरून प्रवाळांवर चढलं. मन्नारच्या आखातातल्या कुरुसदाई बेटाजवळही तसंच घडल्याची नोंद २००८ मध्ये झाली. तुकड्यातून वाढणारी वनस्पती तुटलेल्या तुकड्यातूनही वाढणार, हे उघड आहे. स्थानिक प्रजातीतून तुमचं उत्पादन निघत असेल तर उत्पन्न थोडं कमी आलं तरी तीच घ्या. आणि परकी घ्यायचीच ठरली तर आसपासच्या प्रवाळांची दर महिन्याला पाहणी करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा.

प्लास्टिकबद्दल मी फार आग्रही आहे. शेवाळ बांधायच्या बारीक सुतळ्या दर फेरीला कापल्या जातात आणि समुद्रात पडतात. रिकाम्या बाटल्यांचे तरंगते बोये उन्हात तडकतात. पुन्हा सोडता येणाऱ्या फासाचे दोर किंवा नळीजाळी वापरली तर हा कचरा जवळजवळ थांबतो आणि काढणीही लवकर होते. खर्च सुरुवातीला वाढतो, पण दोन-तीन हंगामांत तो भरून निघतो. निर्यातीचा विचार असेल तर मत्स्यशेती आणि मासेमारीचं प्रमाणन करणाऱ्या एएससी आणि एमएससी या संस्थांनी २०१७ मध्ये मिळून काढलेलं समुद्री शेवाळाचं प्रमाणन-मानक आधीच वाचून ठेवा. मोठे खरेदीदार आता त्याबद्दल विचारू लागले आहेत.

आता वाळवण. ताज्या कप्पाफायकसच्या साधारण सात-आठ किलोंतून एक किलो वाळलेला माल मिळतो. व्यापारात या मालाची ओल ३५ ते ३८ टक्के मानली जाते, म्हणजे तो कुरकुरीत नसतो, रबरासारखा चिवट असतो. दर्जा ओळखायला आधी यंत्र लागत नाही. मूठभर माल घ्या, घट्ट दाबा, सोडा. चांगला माल हळूहळू परत फुलतो, हाताला ओलावा लागत नाही, आणि झटकल्यावर मिठाचे पांढरे कण खाली पडतात. ओला माल गोळा होऊन तसाच राहतो आणि त्याला आंबूस वास येतो. वाळू-मिश्रित माल दाताखाली लगेच कळतो.

वाळूवर पसरलेलं शेवाळ वाळू, शिंपले, प्लास्टिक सगळं घेऊन येतं आणि कारखान्यात ते धुण्यासाठी गोडं पाणी ओतावं लागतं. जमिनीपासून वर बांधलेली जाळीची मांडवी किंवा दोरासकट टांगून वाळवणं, हे दोन्ही उपाय साधे आहेत. पावसाचं पाणी किंवा गोड्या पाण्याची धुलाई अर्धवट वाळलेल्या मालाला लागली की त्यातलं पोटॅशियम आणि कॅराजिनन दोन्ही झिरपून जातं, रंग उडतो. म्हणून झाकणासाठी ताडपत्री हाताशीच हवी. ग्रासिलेरियाच्या बाबतीत तर आणखी काळजी, कारण ओलसर साठवलं की जीवाणू त्यातलं अगार पोत्यातच तोडू लागतात. पोतं बाहेरून ठीक दिसतं आणि आतल्या अगारची ताकद गेलेली असते.

यावरून शेताचा आकार ठरवा. तुमच्या मांडवीवर तीन दिवसांत किती किलो ओला माल नीट वाळतो ते आधी मोजा, तेवढाच माल एका वेळी पाण्यातून येईल अशा तऱ्हेने लावण टप्प्याटप्प्याने करा. बहुतेक शेतं याच्या उलट करतात आणि भर हंगामात निम्मा माल जमिनीवर ढिगाने पडतो.

उत्पादनांकडे येऊ. थेट खाण्याचं शेवाळ सोडलं तर यातला सगळ्यात मोठा आणि स्थिर बाजार अजूनही तीन जेलद्रव्यांचा आहे: अगार, अल्जिनेट, कॅराजिनन. कॅराजिननचे मुख्य प्रकार तीन: कप्पा पोटॅशियमबरोबर घट्ट, ठिसूळ जेल देतं, आयोटा कॅल्शियमबरोबर लवचिक जेल देतं, लॅम्डा जेल देतच नाही, फक्त दाटपणा आणतं. लहान प्रक्रिया-केंद्राला शक्य असलेली पायरी म्हणजे अर्धशुद्ध कॅराजिनन. वाळलेलं शेवाळ धुऊन गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, साधारण ७५ अंशांना दोन तास ठेवतात. अल्कलीमुळे रेणूतला काही सल्फेट गट निघून जातो आणि तिथे असा पूल तयार होतो की जेलची ताकद वाढते. त्याच वेळी पोटॅशियममुळे कॅराजिनन शेवाळाच्या आतच जेल होऊन थांबतं, विरघळून वाहून जात नाही. प्रथिनं, रंग, क्षार मात्र बाहेर पडतात. मग धुवायचं, वाळवायचं, कापायचं, दळायचं. वाळलेल्या मालाच्या साधारण तीसेक टक्के कॅराजिनन मिळतं, त्यामुळे वाहतुकीचा खर्च लगेच उतरतो.

पण या प्रक्रियेतून निघणारं पाणी गडद तपकिरी आणि तीव्र अल्कधर्मी असतं. ते तसंच खाडीत सोडणारा कारखाना टिकाऊ शेतीच्या नावावर चालत असेल तर ती शुद्ध फसवणूक आहे. द्रावण पुन्हा वापरणं, उरलेलं उदासीन करणं आणि त्यातलं पोटॅशियम खताकडे वळवणं, हे शक्य आहे आणि खर्चात धरलंच पाहिजे. सोडियमऐवजी पोटॅशियमचं अल्कली वापरण्याचा हा आणखी एक फायदा.

अगारमध्ये किमतीचा फरक फार मोठा आहे. १८८१ मध्ये फॅनी हेस यांनी जीवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनऐवजी अगार सुचवलं आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने ते उचललं. तेव्हापासून सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा अगारशिवाय चाललेली नाही. ते ८५ अंशांच्या आसपास वितळतं पण चाळिशीच्या खाली आल्यावरच गोठतं, आणि बहुतेक जीवाणूंना ते पचवता येत नाही. खाद्य-दर्जाच्या अगारपेक्षा जीवाणू-दर्जाचं महाग, त्याहून कितीतरी महाग अगॅरोज, म्हणजे अगारमधला शुद्ध केलेला जेल बांधणारा भाग. ग्रासिलेरियाच्या अगारची ताकद वाढवायला सोडियम हायड्रॉक्साइडची पूर्वप्रक्रिया लागते. हा जिना चढायचा असेल तर शुद्धतेची प्रयोगशाळा ही यंत्रांइतकीच पहिली गुंतवणूक आहे.

माझ्या दृष्टीने लहान शेतांसाठी आज सगळ्यात व्यवहार्य उत्पादन म्हणजे ताज्या शेवाळाचा रस. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. कप्पाफायकस वाळवण्याआधीच चिरडून त्याचा रस काढायचा. रस पिकांवर फवारण्याचं जैवउत्तेजक म्हणून जातो, आणि उरलेला चोथा कॅराजिननसाठी जातो. एकाच पिकाची दोन उत्पादनं, आणि वाळवून उडवायचं पाणी निम्म्याहून कमी. अट एकच: काढणीनंतर काही तासांत रस निघाला पाहिजे, म्हणजे यंत्र किनाऱ्यावर हवं. रसात पोटॅशियम, वाढीला चालना देणारी संप्रेरकं आणि बिटेनसारखी संयुगं असतात. ताण पडलेल्या पिकाला त्याचा उपयोग होतो. पण त्यात नत्र नगण्य असतो. 'रासायनिक खताची गरज संपली' असं बाटलीवर लिहिणारे या उत्पादनाचं नुकसानच करतात. युरोपीय महासंघाने २०१९च्या खत-नियमावलीत आणि भारताने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैवउत्तेजकांना वेगळं स्थान दिलं आहे. त्यामुळे शेतातल्या चाचण्यांचे आकडे दाखवल्याशिवाय यापुढे चालणार नाही, आणि ते योग्यच आहे.

लाल शेवाळातलं फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य उजेडात झळकतं आणि पेशी मोजणाऱ्या यंत्रांत चिन्हक म्हणून वापरतात. तपकिरी शेवाळातून फ्युकॉयडन ही साखर आणि फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य मिळतं. ही सगळी ग्रॅमावर विकली जाणारी द्रव्यं. ती काढायची असतील तर क्रम सांभाळा: थंड पाण्यातली नाजूक द्रव्यं आधी, गरम अल्कली नंतर, सेल्युलोज त्यानंतर, शेवटचा गाळ खताला. एकदा उकळलं की रंगद्रव्य गेलं. मात्र खरेदीदार नक्की नसताना असा कारखाना उभा करू नका, कारण इथे ग्राहक मोजके आणि त्यांच्या चाचण्या कडक असतात.

खाद्यासाठी विकणाऱ्यांनी आयोडीन गंभीरपणे घ्यावं. प्रौढाची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम. युरोपात सुरक्षित वरची मर्यादा ६०० मानतात, अमेरिकेत ११००. काही केल्पच्या एका ग्रॅम भुकटीतच हजाराहून जास्त मायक्रोग्रॅम असतं. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून काढल्याने त्यातलं बरंचसं निघून जातं. शेवाळ जड धातूही शोषतं. हिजिकी नावाच्या तपकिरी शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्न संस्थेने ते खाऊ नये असा सल्ला दिला. दर हंगामात आणि दर शेताची तपासणी करा, वर्षातून एकदा नमुन्यापुरती नको.

गुरांच्या चाऱ्यात अॅस्पॅरागॉप्सिस हे लाल शेवाळ मिसळून मिथेन कमी करण्याचा विषय खरा आहे. त्यातलं ब्रोमोफॉर्म गुरांच्या पोटातली मिथेन बनण्याची क्रिया अडवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या २०२१च्या प्रयोगात मांसासाठीच्या बैलांचं मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटलं. पण ब्रोमोफॉर्म उडून जातं, म्हणून साध्या उन्हातल्या वाळवणीने माल निकामी होतो. गोठवून वाळवणं किंवा तेलात मुरवणं लागतं. आणि इथेही जीवनचक्रात दोन वेगळ्या दिसणाऱ्या अवस्था आहेत, त्यामुळे बियाण्याचा प्रश्न पुन्हा पहिलाच. वेष्टनांबद्दल: शेवाळापासून वेष्टनं बनवणाऱ्या लंडनच्या नॉटप्ला कंपनीला २०२२ मध्ये अर्थशॉट हा पर्यावरण-पुरस्कार मिळाला, काम चांगलं आहे, मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने हा अजून लहान ग्राहक आहे. जागतिक बँकेने २०२३ मध्ये नव्या बाजारांची क्षमता २०३० पर्यंत ११.८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते असं म्हटलं. ती क्षमता आहे, मागणीपत्र नव्हे, हे कर्ज काढताना ध्यानात ठेवा.

कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशांबद्दल, मला नेहमी विचारलं जातं. वाळलेल्या शेवाळात वजनाच्या तीसेक टक्के कार्बन असतो, पण ते खाल्लं, कुजलं किंवा जेल बनून पचलं की तो बहुतेक परत हवेत जातो. त्या उत्पन्नावर शेताचा हिशेब बांधू नका. नत्राचं मात्र तसं नाही. वाळलेल्या शेवाळात साधारण २ ते ४ टक्के नत्र असतो आणि काढणीबरोबर तो खरोखर पाण्याबाहेर येतो. मत्स्यशेती किंवा सांडपाण्यामुळे नत्र वाढलेल्या उपसागरात ही सेवा मोजता येते आणि तिचे पैसे मागता येतात. कॅनडात संशोधक थिएरी शोपँ यांनी सामन मासे, शिंपले आणि केल्प एकत्र वाढवून हे बऱ्याच आधी दाखवलं आहे. अशा पाण्यातलं शेवाळ खायला द्यायचं की जेलद्रव्याला, हे मात्र धातूंची तपासणी झाल्यावरच ठरवायचं.

सुरुवात करणाऱ्याने पहिलं वर्ष उत्पन्नासाठी धरू नये. दोन-तीन जागी मोजके दोर लावा, प्रत्येक दोरावरचे ठराविक तुकडे खुणा करून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पाणी निथळून तोला. त्याच दिवशी तापमान आणि क्षारता लिहा. दर फेरीचा एक किलो वाळलेला नमुना खरेदीदाराला पाठवून ओल, कचरा, उतारा (किती जेलद्रव्य निघालं) आणि जेलची ताकद हे चार आकडे लेखी मागवा. आणि तराजूवरची वाढ रोज दोन टक्क्यांच्या खाली जाईल असे महिने नोंदीत सापडतीलच. त्या महिन्यांत बियाणं कुठल्या खोल जागी किंवा कुठल्या टाकीत जिवंत ठेवणार, याची सोय झाल्यावरच दोरांची संख्या वाढवा.